पाणी येईस्तोवरचं गाणं

"लग्न लागेस्तोवर नवरीनं तोंड उघडायचं नाय," सखरी म्हणाली आणि हळदीचा गोळा माझ्या गालांवर असा थापला, की उघडायचं म्हटलं तरी तोंड उघडलं नसतं.

"ही कुठली रीत? मी तर कधी..."

"बोललीस!" तिनं माझ्या मांडीवर चापट मारली. "ही शेवटची. आता बोललीस तर लग्न मोडलं. परत तांदूळ, परत कोंबडे, परत ताडी. हाय घरात?"

घरात काही उरलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

मांडवाच्या खांबाला जांभळीचे टहाळे बांधत माझा मुलगा रूपजी उभा होता. तो खो खो हसत सुटला. "सखरीआजी, ही रीत रोजच्याला नाय का लावता येत?"

मिशी फुटलेला पोरगा आपल्या आईच्या लग्नाचा मांडव घालत होता. शहरातल्या माणसांना हे ऐकून ठसका लागतो. पण आम्हा वारल्यांत हे तेव्हा सर्रास चालायचं. बाईमाणूस आणि बाप्यामाणूस आधी घर करतात, नांदतात, पोरं होतात. लग्न लावायचं ते घरात पुरेसं धान्य साठेल तेव्हा. आमच्या घरात ते साठायलाच तयार नव्हतं. पण आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोराचं लावता येत नाही आणि रूपजीनं तर शेजारच्या पाड्यावरची मुलगी पसंत करून ठेवलेली. म्हणून पोराच्या आधी आम्हा दोघांना उरकून घ्यायचं ठरलं.

सखरी आमची धवळेरी. आमच्यात लग्न लावायला भटजी नसतो, बाई असते. ती गाते आणि तिच्या गाण्यावर लग्न लागतं. सखरी माझी चुलत सासूही होती. अंगानं करवंदाच्या काटकीसारखी, आवाज मात्र तिन्ही पाड्यांना पुरेल एवढा.

मला त्या दिवशी लग्नाची फिकीर नव्हती. मला फिकीर होती धारूरकर साहेबाची.

बायकांच्या राखीव जागेवरून मी नुकतीच ग्रामपंचायतीची मेंबर झाले होते. सही येत नव्हती, अंगठा उमटवायचे. पाड्यानं मला एकाच कामासाठी निवडून दिलं होतं, ते म्हणजे विहीर. सरकारनं विहीर मंजूर केली होती. पण पाणी खात्याच्या धारूरकर साहेबानं तिची जागा दाखवली ती खाली, डांबरी सडकेला लागून, शेठच्या चिकूच्या वाडीजवळ. आमचा पाडा वर डोंगरात. डोक्यावर हंडा घेऊन सडकेपासून वर चढायचं म्हणजे विहीर असून नसल्यासारखीच. आम्हाला ती हवी होती पाड्याच्या खांद्याला, उंबराच्या झाडाखाली.

साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त जीपमधून उतरला की त्याला दम लागायचा. अख्खा हिवाळा मी त्याच्या ऑफिसात खेपा घातल्या. दर वेळी तो म्हणायचा, "नवशीबाई, वर रस्ता नाही, सामान कसं न्यायचं? आणि तुमच्याकडे झरा आहे की. नकाशात दिसतोय." नकाशात झरा त्याच्या करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर होता.

आता दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या वाडीजवळ खुंटी ठोकणार होते. एकदा खुंटी ठोकली, की संपलं.

म्हणून मी त्याला लग्नाला बोलावलं. "माझ्या घरी लग्न आहे साहेब," एवढंच सांगितलं. कुणाचं, ते त्यानं विचारलं नाही. त्याला वरून हुकूम होता म्हणे, आदिवासींच्या लग्नांना जा आणि लहान वयात लग्न करू नका असा उपदेश करा. मी ठरवलं होतं, त्याला पोटभर जेवू घालायचं आणि मग हात जोडून विनवायचं. विनवणं एवढंच माझं हत्यार. आणि त्याच दिवशी या म्हातारीनं माझ्या तोंडाला कुलूप लावलं!

त्यात आणखी एक. सकाळ वर चढली तरी हंडे रिकामेच. आदल्या दिवशी आणलेलं पाणी भात शिजवण्यातच संपलं होतं. बायका चुंबळी घेऊन निघाल्या, की सखरी त्यांना परत बसवायची. "अजून नाय. मी सांगेन तवा." मी डोळे मोठे केले, हातवारे केले. तिनं माझ्या कपाळावर आणखी हळद फासली.

वैशाखातलं ऊन. साहेब आला तेव्हा मांडवाची सावली खांबाच्या पायाशी येऊन पडली होती. जीप खाली सडकेवर ठेवून चढत आल्यामुळे त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मागून ड्रायव्हर, त्याच्या खांद्याला निळा थर्मास.

साहेबानं वर पोचल्या पोचल्या थर्मासकडे हात केला. पण लोक उठून उभे राहिले, म्हणून त्याला आधी भाषण करावंसं वाटलं. घसा खाकरून तो बोलायला लागला. "बंधू-भगिनींनो, कोवळ्या वयात लग्न म्हणजे मुलीच्या आयुष्याचं नुकसान. मुलीला शिकू द्या. तिला मोठी होऊ द्या..."

लोक खाली बघून हसत होते. माझा नवरा लखमा बाशिंग बांधून माझ्या शेजारी बसला होता. तो एकदम गंभीर होऊन मान डोलवत होता.

"नवरी कुठं आहे?" साहेबानं विचारलं. "तिला पुढं आणा. तिचं वय काय?"

"ही काय," रूपजी म्हणाला. "माझी आय."

साहेबानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नवशीबाई? तुम्ही?"

मी मान खाली घातली.

"बोला की."

"नवरी बोलत नाय," सखरी म्हणाली.

"आणि हा नवरा?"

"माझा बा," रूपजी म्हणाला.

लखमानं हात जोडले. "साहेब, तुमचं पटलं मला. अजून थोडी मोठी होऊ देऊ का हिला?"

मांडव हसून हसून हलला. साहेबही हसला आणि माझ्या जिवात जीव आला. हसणारा माणूस ऐकतो. त्यानं ड्रायव्हरकडून थर्मास घेतला आणि झाकण फिरवलं.

तेवढ्यात सखरीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. अगदी अलगद, बाळंतिणीच्या हातातून मूल घ्यावं तसा. मांडवाच्या मधल्या खांबापाशी गेली आणि भुईवर उपडा केला.

पाणी मातीत गेलं. बर्फाचा एक खडा उरला, तोही आमच्या डोळ्यांदेखत विरघळला.

"अहो!" साहेब ओरडला.

"लग्नाच्या दिवशी पाहुण्याचं पाणी भुईला द्यायचं," सखरी म्हणाली. "रीत हाय. तुझं पाणी धरतरीनं घेतलं. लई पुण्य लागलं तुला, साहेबा." सखरी कलेक्टरालाही 'तू' म्हणायची.

मी या पाड्यावर नांदायला आले तेव्हा माझ्या ओठावर दूध होतं. तेव्हापासूनची इथली सगळी लग्नं मी पाहिली होती. पाहुण्याचं पाणी कुणी भुईला दिलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हातारीचं डोकं फिरलं, असंच वाटलं मला.

साहेबानं कसंबसं हसून म्हटलं, "बरं, बरं. तुमच्यातलं पाणी द्या मग."

"देऊ की. बस." तिनं त्याला मांडवाच्या मधोमध घोंगडीवर बसवलं, शेजारी ड्रायव्हर. मग मांडवाबाहेर थांबलेल्या बायकांकडे बघून नुसती हनुवटी उचलली. बायकांनी हंडे डोक्यावर घेतले आणि टेकाड चढू लागल्या. त्याच क्षणी सखरीनं गाणं उचललं. दोन बायका तिच्या मागं सूर ओढू लागल्या.

"आणि ध्यानात ठेव, साहेबा," ती दोन ओळींच्या मधे म्हणाली. "गाणं लागलं की मांडवातून कुणी उठायचं नाय. उठला तर नवरीवर संकट."

आता मला नक्की कळलं, की ही रीत नाही. आमच्या लग्नात लोक गाण्याच्या मधे उठतात, ताडी पिऊन येतात, भांडून येतात, एखादा पळूनही जातो. मी लखमाला कोपरानं ढोसलं. बोलायची बंदी मला होती, त्याला नव्हती.

तो माझ्याकडे झुकला. "काय? साहेबाला सोडवू?"

मी जोरानं होकाराची मान हलवली.

"नको," तो पुटपुटला. "घर केलं तवापासून पयल्यांदा तू गप बसलीयस. लांबू दे गाणं."

मी त्याला चिमटा काढला. त्यानं तो लग्नातला लाड समजून गोड मानून घेतला.

सखरीचं गाणं नेहमी देवांपासून सुरू होतं. त्या दिवशी देव लवकर आटोपले.

"पाणी गं कुठं गेलं, पाणी डोंगराआड गेलं,
हंडा गं कुठं गेला, हंडा पाण्यामागं गेला,
बाई गं कुठं गेली, बाई हंड्याखाली गेली,
साहेब गं कुठं बसला, साहेब मांडवात बसला."

मागच्या बायकांनी 'साहेब मांडवात बसला' हे तीनदा ओढलं. ड्रायव्हरला मजा वाटली. तोही टाळी देऊ लागला.

साहेब पहिल्यांदा हसला. मग त्यानं रुमालानं मान पुसली. मग घड्याळ बघितलं. पुढं रुमाल ओला होऊन पिळण्याजोगा झाला आणि गाण्यात बाई अजून टेकाडावरच होती. आमचं गाणं असंच असतं. एक पाऊल पुढं, दोन ओळी मागं.

"पाणी येतंय ना?" त्यानं रूपजीला विचारलं.

"येतंय साहेब. बाया गेल्यात."

"तोवर घरातलं द्या थोडं."

"घरात नाय. ताडी हाय. आणू?"

"मी घेत नाही."

"ताजी हाय. गोड."

"नको म्हटलं ना!" साहेबाचा आवाज फाटला. त्यानं ड्रायव्हरला खूण केली. "जीपमध्ये कॅन आहे, घेऊन ये."

ड्रायव्हर अर्धा उठला. सखरीनं गाता गाता नुसतं त्याच्याकडे बघितलं. ड्रायव्हर बसला. "साहेब, बाईवर संकट येईल," तो म्हणाला. "त्यापेक्षा थोडी ताडीच..."

"तू गप्प बस!"

गाण्यात आता बाई झऱ्यावर पोचली होती. तिथं पाणी नव्हतं, ओली माती होती. तिनं करवंटीनं माती उकरली आणि वाट बघत बसली. सखरीही वाट बघत बसली. एकच ओळ घेऊन ती चक्क बसूनच राहिली. 'झिरप गं बाई, झिरप गं, एक करवंटी झिरप गं.' ते ऐकून मांडवातल्या म्हाताऱ्यांचीसुद्धा जीभ कोरडी पडली. साहेबानं दोनदा गिळून बघितलं.

आणि मग तो उठला.

गाणं थांबलं नाही. पण सखरीनं आवाज खाली आणला, चुलीतलं लाकूड मागं ओढून जाळ कमी करतात तसा. साहेब मांडवाच्या कडेपर्यंत गेला. पुढं ऊन होतं, उतार होता आणि खाली सडकेवर जीप. तो वळला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"नवशीबाई, बोलू नका हवं तर. पण तुम्ही मेंबर आहात, तुमच्यावर माझा विश्वास आहे. मान हलवून सांगा. ही खरंच रीत आहे का?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. लखमाही हसायचा थांबला.

मी 'नाही' अशी मान हलवली असती, तर साहेब उतरून गेला असता, कॅनमधलं पाणी प्यायला असता, मला भली बाई म्हणाला असता. पुन्हा त्याच्या ऑफिसात गेले असते तर खुर्चीही दिली असती. 'हो' म्हटलं आणि तो चिडला, तर उद्याची खुंटी तो स्वतःच्या हातानं ठोकेल. मी सखरीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती रिकाम्या हंड्यांच्या जागेकडे. तिथं भुईवर नुसते गोल उमटले होते.

मी मान हलवली. एवढ्या जोरानं 'हो' म्हटलं, की माझं बाशिंग नाकावर आलं.

साहेब परत जाऊन घोंगडीवर बसला. सखरीनं आवाज परत वर नेला.

त्यानंतर त्यानं घड्याळ पाहिलं नाही. तो टेकाडाकडे बघत बसला. बऱ्याच वेळानं टेकाडावर पहिला हंडा दिसला, मग त्याच्याखालची बाई. गाण्यातली बाईही त्याच वेळी टेकाडावर आली. सखरीनं दोघींना एकदमच खाली उतरवलं, पाऊल चुकू न देता. हंडा मांडवाच्या दारात आला तसं तिनं गाणं मिटलं, आमच्या दोघांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "लागलं लगीन. द्या आता पाहुण्याला."

साहेबानं पेल्यात बघितलं. पाणी मातकट होतं, वर पाल्याचा तुकडा तरंगत होता. त्यानं तो बोटानं बाजूला केला आणि एका घोटात पेला रिकामा केला. दुसरा मागितला. मग हातातला पेला तसाच धरून, हंडा आणणाऱ्या बाईला विचारलं, "गाणं सुरू झालं तेव्हा निघालात ना तुम्ही?"

"हां."

"सरळ गेलात आणि आलात?"

"बसलो होतो की झऱ्यावर. भरतंय कुठं लवकर?"

"आणि रोज?"

"रोज गाणं नसतं," ती म्हणाली.

साहेबानं पेला खाली ठेवला. रूपजीला म्हणाला, "चल, दाखव मला."

ऊन उतरल्यावर ते परत आले. साहेबाचे बूट हातात होते आणि पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. त्यानं हातपाय धुवायला पाणी मागितलं नाही. तसाच पंगतीला बसला आणि भात जेवला. जेवण झाल्यावर सखरीपाशी जाऊन उकिडवा बसला.

"आजी, पाहुण्याचं पाणी भुईला द्यायची ही रीत किती जुनी?"

"नवी हाय."

"किती नवी?"

"तुझी जीप सडकेला थांबली तवाची."

मला वाटलं, आता हा भडकणार. पण साहेब असा हसला, की त्याचा चष्मा पडला. हसता हसता माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आणि या! मेंबर! एवढी मान हलवली!"

लग्न लागलं होतं. तोंड उघडायला आता हरकत नव्हती.

"सामान वर कोण आणेल?" त्यानं विचारलं. "सिमेंट, लोखंड, सगळं? ट्रक येणार नाही."

"आमी आणू," मी म्हणाले.

"खडक निघाला तर?"

"फोडू."

"पाणी नाही लागलं तर मला बोल लागेल."

"तर तुला परत लग्नाला बोलावू," सखरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खुंटी उंबराखाली ठोकली गेली. शेठनं वरपर्यंत बोंब मारली. साहेबानं काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही, पण खुंटी हलली नाही.

त्या संध्याकाळी भांडी घासता घासता मी सखरीला म्हटलं, "सांगायचं तरी होतंस. माझा जीव गेला होता भीतीनं."

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? साहेब चुकलं, साहेब माफ करा, म्हणत माझ्या लपवलेल्या कळशीतलं पाणी त्याला नेऊन दिलं असतंस."

"लपवलेली कळशी होती?"

"म्हातारी माणसं होती मांडवात. कुणी चक्कर येऊन पडला असता तर?"

मी घासणं थांबवलं. "आणि नवरीनं बोलायचं नाही, ती रीत?"

सखरीनं राखेची मूठ भांड्यात टाकली. "ती त्याच्या जरा आधीची. सकाळची."

खडक निघाला. आम्ही फोडला. सिमेंटच्या गोण्या डोक्यावर, पाठीवर, कावडीत वर गेल्या. रूपजीच्या लग्नातले वऱ्हाडीसुद्धा आम्ही सोडले नाहीत. पावसाचं साठलेलं उपसल्यावर दिवाळीला खाली नुसता कोरडा खडक. लोक माझ्याशी बोलेनासे झाले. थंडी सरता सरता एका सुरुंगानंतर खड्ड्याच्या कोपऱ्यात काळा डाग दिसला आणि संध्याकाळपर्यंत घोट्याएवढं पाणी साठलं. धारूरकर साहेब दुसऱ्या दिवशी आला. खांद्याला निळा थर्मास, रिकामा. सखरीसमोर धरून म्हणाला, "आजी, भर."

पुढं मी बरीच कामं केली. बालवाडी, रेशनचं दुकान, जंगलातल्या जमिनीचे दावे. अंगठा टोचायला लागला म्हणून नातीच्या शेजारी बसून लिहायला शिकले. साहेब पुष्कळ आले, पुष्कळ गेले. सखरी गेली तेव्हा तिची गाणी माझ्याकडे आली. आता धवळेरी मी आहे.

मागच्या आठवड्यात मुंबईहून एक मुलगी आली. आमच्या लग्नाच्या चालीरीतींवर अभ्यास करते. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून तिनं विचारलं, "आजी, तुमच्याच पाड्यावर पाहुण्याचं पाणी भुईला देतात म्हणे. आणि गाणं संपेपर्यंत मांडवातून कुणी उठत नाही. ही परंपरा किती जुनी?"

"फार जुनी," मी म्हणाले. "माझ्या चुलत सासूपासूनची."

"मला प्रत्यक्ष बघता येईल?"

मी दाराबाहेर बघितलं. तिथं सरकारी नळ आहे, निळ्या पाइपाचा, तोटी चकचकीत. बसवून दोन पावसाळे झाले. विहीर म्हातारी झाली, उन्हाळ्यात तळ दाखवते. म्हणून नळ दिला. तोटी उघडली की तो आधी हवा सोडतो, नंतरही हवाच.

"सोमवारी ये," मी तिला म्हटलं. "इथं लग्न आहे. पाण्याच्या खात्याचा नवा साहेब येणार आहे. मीच बोलावलंय."

तिला आनंद झाला. पिशवीतून पाण्याची बाटली काढून ती घोटभर प्यायली. "गाणं साधारण किती वेळ चालतं, आजी?"

"ते आमच्या हातात नाही, पोरी," मी म्हणाले. "ते साहेबावर असतं. तू मात्र येताना पोटभर पाणी पिऊन ये."